अर्थ सांगा, मग गुण घ्या

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखाना आणि मोडक्या खाटांची खोली यांच्या मधोमध एक लांबट खोली होती. तिथे कवळीवाला एकतीस वर्षं बसला. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असायचं आणि तिथेच राहायचं. वरच्या डॉक्टरांपासून धुलाईखान्यातल्या बायकांपर्यंत सगळ्यांना तो कवळीवालाच. वर दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं घेत, ती पत्र्याच्या ट्रेमधून खाली येत, आणि हा त्यांत प्लॅस्टर ओतून, मेणाच्या हिरड्या बसवून, एकेक दात रंगाच्या पट्टीशी ताडून कवळी उभी करी. पेशंट त्याने सहसा पाहिलेला नसे. पण कोणाचा जबडा डावीकडे झुकतो, कोण झोपेत दात खातो, हे त्याला साच्यावरून कळे. "लोक जगाला दात दाखवतात," तो म्हणे, "मला तेवढी दात नसलेली जागा दाखवतात." आणि या विनोदावर तो स्वतःच हसे, कारण खोलीत दुसरं कोणी नसे.

घरी अक्का होती. त्याची सख्खी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती कायमचीच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक गॅलरी, आणि त्यात अक्काची जीभ. ती अशी धारेची की दूधवाला दोन पायऱ्या खालीच थांबे. पण भावाच्या डब्यात एक दिवस खाडा पडू दिला नाही तिने. त्याच्या लग्नाचं बोलणं एकदा एका ठिकाणी झालं होतं. मुलीने विचारलं, "काम काय करता?" तो म्हणाला, "कवळ्या करतो." मुलीला हसू आवरेना. तिच्या आजीला मात्र माणूस इतका पसंत पडला की तिने तिथल्या तिथे तोंड उघडून माप घ्यायला सांगितलं. लग्न जमलं नाही, कवळी झकास बसली. पुढे लग्नाचा विषय निघाला की दोघं भावंडं त्या आजीवर हसत, आणि हसण्यातच विषय मिटे.

तळघराच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळाचं टेलिफोन एक्स्चेंज होतं. तिथल्या ऑपरेटरबाईंचा आवाज त्याला सहा वर्षं चांगला ओळखीचा होता, चेहरा ओझरता. भिंतीवरचा फोन वाजे आणि आवाज म्हणे, "कवळीवाले, वरून विचारतायत, सात नंबरचा जबडा झाला का?" किंवा, "तीन नंबरचे आजोबा तक्रार करतायत, म्हणतात या दातांत मी घोडा दिसतो." आवाज शांत, थोडा खर्जातला, प्रत्येक शब्द पुसून जागेवर ठेवल्यासारखा.

या बाई जेवणाच्या सुट्टीत वरच्या एका डॉक्टरीणबाईंबरोबर स्क्रॅबल खेळत. इंग्रजी अक्षरांचे ठोकळे पटावर मांडून शब्द जुळवायचे आणि गुण मोजायचे, तो खेळ. डॉक्टरीणबाई परदेशी निघून गेल्या, जाताना खेळाचं खोकं बाईंना देऊन गेल्या. आठवड्याभराने बाई ते खोकं काखेत मारून कवळीवाल्याच्या दारात उभ्या.

"कवळीवाले, इंग्रजी येतं का?"

"प्लॅस्टरच्या पिशवीवर छापलेलं येतं."

"पुरे तेवढं," म्हणत त्यांनी साच्यांचा ट्रे बाजूला सारला आणि पट मांडला.

तो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता, बाई सत्तेचाळीसच्या. त्यांचंही लग्न झालं नव्हतं. धाकट्या भावाचं शिक्षण करता करता आणि मग त्याचा संसार मांडून देता देता वर्षं निघून गेली होती. हे त्यांनी एकदाच, आणि तेही टिफिनचं झाकण लावता लावता सांगितलं होतं.

पहिले तीन आठवडे तो रोज हरला. त्याचे शब्द शाळेच्या पहिल्या पुस्तकातले: मांजर, टोपी, गाय. बाई मोठमोठे शब्द लावत आणि तो तोंडात बोट घालून बघत बसे. मग एका शुक्रवारी त्याला खोक्याच्या झाकणाआड घडी घातलेला एक कागद सापडला. डॉक्टरीणबाईंची यादी. दोन अक्षरांचे आणि तीन अक्षरांचे चालणारे शब्द, नुसते शब्द, रांगेने. शनिवार-रविवार त्याने ती यादी घोकली. अक्का म्हणाली, "हे काय, उंदराच्या शेपटाएवढे शब्द! मंत्र आहेत का कसले?" सोमवारी त्याने पटावर एक्स आणि यू शेजारी शेजारी ठेवले आणि हात बांधून बसला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"शब्द आहे. यादीत आहे. नऊ गुण."

"अर्थ काय?"

"अर्थाला गुण असतात का?"

बाईंनी ठोकळे उचलून त्याच्या हातात परत दिले. "हे बघा. दिवसाला तीनशे माणसं मला नुसती नावं सांगतात. यांना जोडा, त्यांना जोडा. कोण, कुठला, कशासाठी, काही पत्ता नाही. निदान इथे तरी ओळख करून घेऊनच आत सोडू. अर्थ सांगा, मग गुण घ्या."

त्या दिवसापासून तोच कायदा झाला. कवळीवाला कामावरून सुटला की घरी जाण्याआधी वाचनालयात जाऊ लागला. तिथला जाडा शब्दकोश एकट्याने उचलायचा म्हणजे जबड्याचं नाही, पाठीचं काम. पण त्याला त्यात गोडी लागली. एक्स-यू म्हणजे व्हिएतनाममधलं चिल्लर नाणं. ए-ए म्हणजे ज्वालामुखीतून वाहून आलेला, गार होऊन खडबडीत झालेला दगड. ए-आय म्हणजे झाडाला उलटा लटकून दिवस काढणारा एक आळशी प्राणी. "म्हणजे आपले स्टोअरकीपर," बाई म्हणाल्या. ओ-ई म्हणजे कुठल्याशा उत्तरेकडच्या बेटांजवळ उठणारी वावटळ. ओ-आर-टी म्हणजे ताटात उरलेलं खरकटं. "बघा, खरकट्यालासुद्धा त्यांनी नाव ठेवलंय," बाई म्हणाल्या, "आपण नुसती नावं ठेवतो." वाय-ई-एक्स म्हणजे उचकी. तेव्हा त्या इतक्या हसल्या की धुलाईखान्यातली बाई डोकावून गेली. "म्हणजे साहेबाची कुणी आठवण काढली की त्याला वाय-ई-एक्स लागते!"

पंचेचाळीस मिनिटांची ती सुट्टी. डोक्यावरून गरम पाण्याचे नळ गेलेले, टेबलावर मेणाचा वास, आणि कोपऱ्यात कोणाकोणाचे जबडे आ वासून बसलेले. कवळीवाल्याला ती जागा जगात सगळ्यात चांगली वाटू लागली. सकाळी साडेआठपासून त्याचे कान साडेबाराकडे लागलेले असत. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी वाचनालयात त्याचं बोट जे-ओ या शब्दावर थांबलं. स्कॉटलंडच्या बोलीतला शब्द. प्रिय माणूस. लाडाने हाक मारताना म्हणतात. त्याने ते वहीत उतरवलं, वही मिटली, आणि कोणी बघत होतं का म्हणून मागे वळून पाहिलं.

चार दिवसांनी ठोकळे मांडायच्या त्याच्या पट्टीवर जे आला. ओ आधीपासून होताच. पटावर जागा मोकळी होती, नऊ गुण समोर दिसत होते. पण लावला की अर्थ सांगायचा होता, आणि तोही समोर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघून. त्याने दुसराच काहीतरी तीन गुणांचा शब्द लावला. डाव संपला तेव्हा जे त्याच्याकडेच उरला. उरलेल्या अक्षरांचे गुण वजा करायचे असतात. बाईंनी त्याच्या पट्टीवरची अक्षरं आपल्याकडे वळवली, बघितली आणि म्हणाल्या, "जे राहिला. आठ वजा."

असं पुढच्या अकरा वर्षांत किती वेळा झालं त्याचा हिशेब नाही. जे दुसऱ्या कुठल्या शब्दात खपला तर खपला. नाहीतर तो मूग गिळून बसे, आणि बाई म्हणत, "आठ वजा."

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, भावाच्या घरी, बसने चार तासांवरच्या गावात. तिकडे जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी सुट्टीत त्यांनी पट मांडला नाही. शंभर ठोकळे टेबलावर पालथे ओतले आणि न बघता दोन वाटे केले.

"पन्नास तुमचे, पन्नास माझे. आपापल्या पिशवीतून काढायचे आणि पत्राने खेळायचं. पट तुम्ही ठेवा, मी पुठ्ठ्यावर आखून घेईन."

"पत्राने? फोनवर पटकन होईल की."

"कवळीवाले, तीस वर्षं लोकांचे फोन जोडले. माझ्या कानांनी राजीनामा दिलाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि अर्थ लिहिल्याशिवाय गुण नाहीत. पत्रातसुद्धा."

त्याने मान हलवली. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तो म्हणाला, "पिशवी नीट बांधा, ठोकळे सांडतील."

घरी येऊन त्याने आपले पन्नास तपासले. जे बाईंच्या वाट्याला गेला होता. एका परीने त्याला सुटल्यासारखं झालं, आणि दुसऱ्या परीने तो रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला भिंतीवरचा फोन वाजला. तो धावत गेला. एक तरुण आवाज म्हणाला, "दंतविभाग, तळघर?" तो म्हणाला, "हो." डबा त्याने उभ्यानेच खाल्ला. पुढे सवय झाली असं तो म्हणत असे, पण खरं तर समोरच्या स्टुलावर त्याने कधी ट्रे ठेवला नाही, जागेची एवढी टंचाई असूनही.

पत्रं मात्र येऊ लागली. आठवड्याला एक. बाईंचं अक्षर त्यांच्या आवाजासारखंच, नीट पुसून ठेवलेलं. "माझा शब्द ओ-आर-टी, तुमच्या पाचव्या ओळीतल्या टीला जोडून. अर्थ तुम्हाला ठाऊक आहे, तरी नियम म्हणून लिहिते: खरकटं. आईच्या ताटात आता तेवढंच उरतं, म्हणजे जेवण बरं चाललंय." तो उत्तरात आपली खेळी लिही, अर्थ लिही, आणि खाली इस्पितळाच्या दोन ओळी. अमक्या डॉक्टरांची बदली झाली. धुलाईखान्यातला नळ फुटला, सात जबडे वाहून गेले, पैकी सहा सापडले.

एका डावाला वर्ष लागे. दुसऱ्या वर्षी एकदा पत्र आलं: "वाय-ई-एक्स, तेरा गुण. उचकी. काल दुपारी साडेबाराला मला जाम लागली होती. तुम्ही डबा खात होतात ना?"

हे पत्र त्याने जिन्यातच उघडलं होतं. वर आला आणि सरळ माठातलं पाणी घटाघट प्यायला.

"काय झालं?" अक्का म्हणाली.

"काही नाही. बाईंना उचकी लागली होती."

"उचकी तिला, आणि पाणी तू पितोयस?"

चार वर्षं अशी गेली. बाईंची आई वारली, तेही पत्रानेच कळलं. शेवटच्या काही महिन्यांत बाईंचं अक्षर मोठं होत चाललं होतं. एका पानावर चारच ओळी मावत, त्याही वर चढत जाणाऱ्या. त्याला वाटलं, बाई घाईत असतील. वेडं मन, त्याला असंही वाटलं की मोठं अक्षर म्हणजे जास्त आपुलकी.

आणि मग ते पत्र आलं. पानभर, जेमतेम वाचता येणाऱ्या अक्षरांत: "जे-ओ, वरून खाली, तुमच्या ओ-ला जोडून. नऊ गुण. अर्थ पुढच्या पत्रात सांगते. तोवर गुण धरू नका."

कवळीवाला गॅलरीत गेला. परत आत आला. पत्र उशाखाली ठेवलं, काढलं, डब्याच्या पिशवीत ठेवलं. अर्थ त्याला पंधरा वर्षांपासून पाठ होता. पण तो त्यांच्या हातून लिहून यायचा होता.

पुढचं पत्र आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. त्याने लिहिलं, "शब्द मिळाला. अर्थ येईपर्यंत मी थांबतो." उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, "बरं नाही का?" उत्तर नाही. तो पोस्टमनची डोळ्यांत प्राण आणून वाट बघे. पोस्टमनच शेवटी त्याला चुकवून मागच्या जिन्याने जाऊ लागला. अक्का म्हणाली, "बाईचे शब्द संपले असतील. माणसाचे संपतात." तिसरं पत्र त्याने फार वेळ घेऊन लिहिलं आणि टाकताना पेटीपाशी बराच वेळ उभा राहिला.

पाच महिन्यांनी वरच्या डॉक्टरांनी त्याला बोलावलं. टेबलावर एक कवळी होती. पुढचे दोन दात उलट बसवलेले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"कवळीवाले," डॉक्टर म्हणाले, रागावून नाही, "आठ दिवस रजा घ्या. कुठेतरी जाऊन या."

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेला.

घर शोधायला वेळ लागला नाही, पत्ता चार वर्षं लिहून हाताला पाठ झाला होता. चिंचोळं दुमजली घर, बाहेरून लोखंडी जिना. जिना चढल्यावर बाईंच्या वहिनीने दार उघडलं. तिने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कवळीवाले ना तुम्ही? या. वन्सं आत आहेत." मग हळूच म्हणाली, "तुमची पत्रं आहेत. फोडू देत नाहीत मला."

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, चेहरा तोच. त्याने घसा खाकरला.

"कवळीवाले," त्या म्हणाल्या. आवाज जसाच्या तसा होता. पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या.

"रागावलात का?" त्याने विचारलं.

"रागावले कशाला? तुम्हालाच बघतेय. डोळ्यांचा पडदा गेला. सरळ बघितलं की बरोबर मधोमध डाग. जे बघायचं त्याच जागी काही नाही, आजूबाजूचं सगळं दिसतं. तुमच्याकडे बघितलं तर मला तुमचे कान दिसतात. चेहरा हवा असेल तर खिडकीकडे बघावं लागतं." आणि त्या हसल्या. "केस गेले की हो सगळे."

तो स्टुलावर बसला.

"कळवायचं तरी," तो म्हणाला. "वहिनींकडून चार ओळी..."

"लिहून देते म्हणाली होती ती. पण पुढच्या पत्रात काय लिहायचं होतं, आठवतंय ना? ते वहिनीला सांगून लिहून घेऊ? आणि तुमची पत्रं तिच्या तोंडून ऐकू?" त्यांनी गादीखाली हात घातला आणि तीन पाकिटं काढली. न फोडलेली, कोपरे मऊ झालेली. "वाचा आता. तुमची तुम्हीच वाचा."

कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःचीच पत्रं, तीही समोर बसून. पहिली दोन लहान होती, ती वाचली. तिसरं उघडून त्याने खिडकीच्या उजेडात धरलं.

"'जे माझ्याकडे पुष्कळदा येत असे,'" तो वाचू लागला. "'ओसुद्धा असे. जागाही असे. पण मी तो शब्द कधी लावला नाही, कारण अर्थ सांगावा लागला असता. तुम्हाला वाटत असेल, याला सुचला नाही. मला तो पहिल्या वर्षीच सापडला होता. एवढंच लिहायचं होतं. उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पण दिलंत तर बरं.'"

खाली वहिनी भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "डाव संपल्यावर तुमची अक्षरं वळवून गुण वजा कोण करायचं? मीच ना? जे तुमच्याकडे आणि ओ पटावर मोकळा, दर वेळी. यादी काय तुम्ही एकट्यानेच वाचली होती?"

"मग तुम्ही का नाही..."

"वाट बघत होते. तुम्ही लावाल, मग लावाल. आठ वजा म्हणताना मी दर वेळी जरा थांबायचे. तुमच्या लक्षात नाही आलं कधी?"

त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो तेव्हा टेबलाकडे बघत बसायचा.

"शब्द शेवटी तुम्ही लावलात," तो म्हणाला. "अर्थ तुम्ही सांगायचा. नियम आहे."

बाईंनी खिडकीकडे बघितलं, म्हणजे त्याच्याकडे. "जीवाचं माणूस," त्या म्हणाल्या. "धरा आता नऊ गुण."

वहिनी चहा घेऊन वर आली. तिने कप ठेवले आणि न विचारता दार ओढून घेतलं.

चहा निवून गेल्यावर कवळीवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा, अडखळत, विचारलं. माझ्याकडे चला म्हणाला. दोन खोल्या आहेत, गॅलरी आहे, अक्का आहे, ती तोंडाने फटकळ पण मनाने तशी नाही.

बाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. "तेव्हा विचारलं असतंत तर खोकं टेबलावर तसंच टाकून आले असते," त्या म्हणाल्या. "आता या घरातल्या पायऱ्या मला पाठ आहेत. अकरा, मग वळण, मग चार. तुमचे तीन मजले नव्याने कुठे पाठ करू? आणि अक्कांच्या गळ्यात या वयात एक आंधळी बांधू?"

"मी सांभाळीन."

"म्हणून तर नाही. मला तुम्ही समोर बसलेले हवेत, कवळीवाले. हात धरून चालवणारे नकोत." त्यांचा आवाज कधी नव्हे तो जरा हलला. "येत जा मात्र. नक्की येत जा."

परतीच्या बसमध्ये, मापासाठी मागून घेतलेले बाईंचे पन्नास ठोकळे त्याच्या मांडीवर होते. रजा उरली होती ती त्याने तळघरातच घालवली. हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याचे शंभर ठोकळे ओतले आणि प्रत्येकावर दातांच्या पांढऱ्या मसाल्याने अक्षर उचलून घेतलं, बोटाला लागेल असं. पहिला घाणा वाया गेला. ओ आणि क्यू बोटाला सारखेच लागत, म्हणून क्यूची शेपटी लांब केली. एन आडवा धरला की झेड होतो, म्हणून प्रत्येक ठोकळ्याच्या खालच्या कडेला खाच पाडली. पटाच्या घरांनाही बारीक कडा काढल्या. सगळ्याला मिळून दोन महिने लागले. वरचे डॉक्टर एकदा खाली आले, गुलाबी ठोकळ्यांची रास बघून म्हणाले, "ही कोणाची कवळी?"

"आहेत एक बाई," तो म्हणाला.

तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी तो जातो. पुढे तोही निवृत्त झाला, तरी वार तोच ठेवला. बाई ठोकळ्यावरून अंगठा फिरवतात, खिडकीकडे बघतात आणि शब्द लावतात. अजून बहुतेक वेळा त्याच जिंकतात. चार वाजता तो उठतो, कारण साडेचारची बस चुकली की मग गाडी नाही. उठताना दर वेळी वाटतं, अजून एक शब्द. बस त्यांच्या रस्त्याच्या तोंडावरून जाते. डाव्या बाजूच्या खिडकीत बसलं तर लोखंडी जिना आणि वरची खिडकी क्षणभर दिसते, मग वळण येतं. म्हणून तो स्टँडवर लवकर जाऊन ती जागा धरतो. मग पुढचे चौदा दिवस.

गेल्या महिन्यात अक्का म्हणाली, "मी येते. बघू तरी कोण ती बाई."

त्याने पुष्कळ टाळलं. गुडघे दुखतील, बस हादरते. पण अक्काने ठरवलं म्हणजे ठरवलं. लोखंडी जिना ती धापा टाकत चढली, आत गेली, बाईंच्या समोर बसली आणि म्हणाली, "मी अक्का. उचकी तुम्हाला लागायची आणि पाणी हा प्यायचा. मला वाटायचं याला पित्त झालंय."

बाई हसत सुटल्या. आणि मग दोघी जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. गुडघे, भावजया, भाऊ नावाची जमात, म्हाताऱ्या आयांची आजारपणं. आजीच्या कवळीची गोष्ट अक्काने नक्कल करून सांगितली. पट तसाच मांडलेला राहिला. कवळीवाला आपल्या पट्टीवरची सात अक्षरं इकडून तिकडे करत बसला. मध्येच बाई खिडकीकडे बघत, आणि त्याला कळे की आपल्याकडे बघितलं. चार वाजले.

निघताना अक्काने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बसमध्ये अक्का आधी चढली आणि डावीकडच्या खिडकीत जाऊन बसली. तो शेजारी बसला. बस सुटली तेव्हा समोर बघतच म्हणाली, "मला वाटायचं, तुला लग्नच नको आहे."

"असं काही नव्हतं."

"एकदा बोलला असतास तर मी स्वतः जाऊन विचारून आले असते रे. तळघरात." तिने पदराने नाक पुसलं. "दात एवढे नीट बसवतोस लोकांना. स्वतःचं तोंड उघडायला काय झालं होतं?"

रस्त्याचं तोंड आलं तसा तो तिच्या अंगावरून पुढे वाकला.

"काय बघतोयस?"

"काही नाही."

अक्कानेही मान वळवली. जिना दिसला, वरची खिडकी दिसली, खिडकीत कोणी होतं की नुसताच पडदा हलला ते कळलं नाही, आणि बस वळली.